कच्ची वही

दिघा, १४ जून १९८८

सरोजिनीताईंना नंदकुमार खरात याचा नमस्कार.

तुमची खुर्चीवरची निळी उशी धुऊन, दोन दिवस वाळवून, आज पोस्टाने पाठवली आहे. पाऊस असल्यामुळे आतून प्लास्टिक लावले आहे. तुमच्या खणात आणखी या वस्तू होत्या : कंगवा एक, शीस तुटलेली पेन्सिल एक, भिंग पुसायच्या कागदाची अर्धी पुडी आणि बडीशेपेची डबी. कागद संस्थेचा म्हणून इथेच ठेवला. बाकी सर्व पार्सलमध्ये आहे. डबीत बडीशेप होती तेवढी आहे.

देवरुखचा पत्ता पोपटरावांनी दिला. तुम्ही जाताना त्यांच्याकडे लिहून ठेवला होता असे ते म्हणाले. मला माहीत नव्हते.

तुमच्या सूक्ष्मदर्शकावर आता जयमाला नावाची मुलगी बसते. ठाण्याची आहे, बी.एस्सी. झालेली. केळशीकर सरांनी तिला शिकवायचे काम मला दिले. मला दहावी दोनदा देऊनही पास होता आले नाही, आणि मी तिला शिकवतो, म्हणून पहिले दोन दिवस मी तिला नुसते भिंग पुसायला दाखवले. मग मी तिला तुम्ही मला सांगितले होते तसेच सांगितले. तुमचेच शब्द वापरले. म्हणालो, अणूच्या मध्यभागी प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, ते तुरीच्या डाळीचे दाणे समजा. जिनिव्हाजवळच्या मोठ्या यंत्रात गंधकाची अणुकेंद्रे भयंकर वेगाने पळवून आपल्या प्लेटवर सोडली. प्लेट म्हणजे काचेवर फोटोच्या मसाल्याचा जाड थर, त्यात चांदी आहे. चांदीच्या केंद्रावर गंधकाचे केंद्र आदळले की इतकी उष्णता होते की कदाचित क्षणभर दाणे फुटून सगळे मिळून वरण होत असेल. त्या वरणाला क्वार्कांचे द्रव्य म्हणतात. विश्व जन्मले तेव्हा सगळीकडे तेच होते असे सरांचे म्हणणे. आपण फक्त टक्कर शोधायची. जिथे टक्कर झाली तिथून काळ्या बारीक रेषा फुटलेल्या दिसतात, त्याला तारा म्हणायचे. रेषा मोजायच्या आणि वहीत लिहायचे. वरण झाले की डाळच राहिली, ते सर ठरवतील.

ती हसली. म्हणाली, "हे वरणाचं तुम्ही काढलंत?" मी म्हटले, नाही, आधी इथे बसायच्या त्या ताईंनी.

पोपटराव रोज सकाळी टेबल पुसताना अजूनही विचारतात, "काय रे नंदू, वरन झाला का?" तुम्ही "अजून शिटी नाही झाली" म्हणायचा. मी खण उघडून वही काढतो.

मे महिन्यात सरांच्या खोलीत जे झाले ते फार वाईट झाले. तुमची आणि माझी वही इतकी कशी जुळली, हे मला आजही समजत नाही. तुम्ही माझी वही उतरवून काढली असेल असे मला कधी वाटले नाही, आणि मी सरांना तसे म्हटलेले नाही. एवढे तुम्हाला कळावे.

पार्सल मिळाल्याचे दोन ओळींत कळवावे.

आपला,
नंदकुमार सिताराम खरात


दिघा, २ ऑगस्ट १९८८

सरोजिनीताई,

पार्सलची पोच पोस्टातून आली, त्यावर तुमच्या भावाची सही आहे. तुमचे पत्र नाही. मी रोज वाट पाहिली असे लिहिले तर ते तुम्हाला तक्रार वाटेल, म्हणून लिहीत नाही.

मागच्या पत्रातले एक वाक्य खरे नव्हते. वह्या कशा जुळल्या हे मला समजत नाही, असे मी लिहिले होते. समजते.

गेल्या आठवड्यात जयमालाने विचारले, "एकच प्लेट दोघांनी वेगवेगळी का बघायची? डबल काम नाही का?" मी तिला कागदावर तुमचे उदाहरण करून दाखवले. मला चाळीस तारे दिसले, तुम्हाला चाळीस दिसले, त्यांत दोघांना सापडलेले बत्तीस. म्हणजे तुमच्या चाळीसपैकी बत्तीस मला दिसले, पाचांत चार. मग प्लेटमधल्या सगळ्याच ताऱ्यांपैकी मला पाचांत चार दिसत असणार. माझे चाळीस म्हणजे पाचांत चार, तर एकूण पन्नास. दोघांनी मिळून अठ्ठेचाळीस पाहिले. दोन असे आहेत की ते कोणालाच दिसले नाहीत, तरी ते आहेत हे आपल्याला माहीत आहे. तुम्ही मला हे पहिल्यांदा सांगितलेत तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. न पाहिलेली गोष्ट मोजता येते हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते.

जयमाला हुशार आहे. लगेच म्हणाली, "आणि एकाने दुसऱ्याची वही बघितली तर?"

मी म्हटले, मग सगळेच जुळते. हिशेब सांगतो की काहीही सुटले नाही, आणि ते खोटे असते.

"म्हणून आधीच्या बाई गेल्या?"

मी भिंगावर तेलाचा थेंब टाकत होतो. तिने माझी पक्की वही उघडली आणि म्हणाली, "केवढी सुंदर वही आहे तुमची, छापल्यासारखी! एक खोड नाही. तुमचं कधी काही चुकतच नाही का हो?"

ताई, मी कच्ची वही ठेवत होतो. हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही शेजारीच बसत होता. पाठकोऱ्या कागदांची, सुतळीने शिवलेली. दिवसभराचे त्यात लिहायचो, आणि शनिवारी पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात, ज्या दिवशी पाहिले त्या दिवसाची तारीख घालून उतरवायचो. खाडाखोड झालेली वही सरांपुढे ठेवायची मला भीती वाटे. वाशीच्या फोटो स्टुडिओत मी निगेटिव्हवरचे डाग शिसपेन्सिलीने मिटवायचे काम करायचो. तिथे गंगाराम शेठ म्हणायचे, डाग दिसला तर गिऱ्हाईक तोंड दुसऱ्याचं म्हणेल. ती सवय.

सरांनी त्या दिवशी मला विचारले, "खरात, तू कच्चं कुठं लिहितोस का?" आणि मी "नाही सर, थेट लिहितो" म्हणालो. तुम्ही समोर उभ्या होता.

प्लेट क्रमांक चौदाच्या वेळी मी एकदा तुमची वही पाहिली. एकदाच.

दुसरे एक कळवायचे आहे. एप्रिलमध्ये तुमच्यासाठी जी कायमची जागा ठरली होती, तिच्यासाठी सरांनी आता माझे नाव पाठवले आहे. शिक्षणाची अट शिथिल करावी असे त्यांनी लिहिले आहे. मी मागितलेले नाही.

नंदकुमार


दिघा, १९ सप्टेंबर १९८८

सरोजिनीताई,

"एकदाच" हे खरे नाही. आज सगळे लिहितो. हे पत्र मी तीनदा लिहून फाडले आहे.

जानेवारीत पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून प्लेट क्रमांक तीनवर ओरखडा गेला, ते तुम्हाला आठवत असेल. थराच्या तळाचे दिसायला भिंग खाली खाली न्यावे लागते, आणि शेवटी ते प्लेटच्या अगदी अंगाशी येते. मी घाईत चाक फिरवले आणि भिंग टेकले. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "खरात, ही प्लेट म्हणजे कागद नाही. जिनिव्हातलं यंत्र आपल्यासाठी परत चालू होणार नाही." त्या रात्री मला जेवण गेले नाही.

त्यानंतर मी कधीच तळापर्यंत गेलो नाही. भिंग प्लेटच्या जवळ आले की माझे बोट चाकावर थांबायचे. वरचे दिसले, मधले दिसले, की मी प्लेटच्या पुढच्या पट्टीवर जायचो. तुमचे लक्ष असायचे. एकदा तुम्ही नजर न उचलता म्हणालात, "नंदू, तळाशी जा रे. तिथेही माणसं राहतात." मी "हो ताई" म्हणालो आणि गेलो नाही.

दहा प्लेट झाल्यावर सरांनी दोन्ही वह्यांचा मेळ घातला आणि मला बोलावले. "बाईंना दिसलेल्यांतला तिसरा हिस्सा तुला दिसतच नाही. एप्रिलपर्यंत बघतो मी." मी तात्पुरता होतो. आमचे वडील वर्षभरापूर्वी कंपनीतून खोकला घेऊन घरी बसलेले. सर हे रागाने बोलले नव्हते, पण मला ते "एप्रिलपर्यंत" सोडून दुसरे काही ऐकू येईना.

तुम्ही मला खणाची किल्ली कुठे असते ते दाखवले होते. म्हणाला होतात, "डोळे दमले की बडीशेप घे, मी नसले तरी." नियमाप्रमाणे प्रत्येकाची वही त्याच्या खणात बंद असायची. तुमची वही डबीच्या खाली होती. तुम्ही जेवायला खाली गेलात की मी बडीशेप घ्यायला खण उघडायचो. पहिल्या दिवशी खरोखर बडीशेपच घ्यायला उघडला होता.

प्लेट अकरापासून एकोणीसपर्यंत, नऊ प्लेट. तुमच्या वहीत जे तारे होते आणि माझ्या कच्च्या वहीत नव्हते, त्यांच्या जागा मी चिठ्ठीवर उतरवून घ्यायचो. मग माझ्या सूक्ष्मदर्शकावर त्या त्या जागी जाऊन पाहायचो. कुठे उतरायचे हे माहीत असले की भीती वाटत नाही, हळूहळू तेवढ्याच जागी खाली जाता येते. तारा तिथे असायचाच. मी स्वतः रेषा मोजायचो. म्हणून मी स्वतःशी म्हणत असे, की न पाहिलेले मी काहीच लिहिलेले नाही. सगळे माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. शनिवारी ते पक्क्या वहीत आठवड्याच्या आधीच्या तारखांना, माझ्या ताऱ्यांच्या मध्ये मध्ये, व्यवस्थित बसायचे.

तुम्ही थेट पक्क्या वहीत लिहायचा. शाईने, घाईघाईने, चुकले की काट मारून. तुमच्या तारखा नेहमी माझ्यानंतरच्या दिसायच्या, कारण माझ्या मी मागे सरकवलेल्या होत्या.

आकडे माझ्याजवळ आहेत. नऊ प्लेटमध्ये तुमचे तारे एकशे पन्नास. माझ्या कच्च्या वहीत एकशे वीस. दोन्हीकडे असलेले शंभर. म्हणजे तुमचे पन्नास मला दिसले नव्हते. त्यांतले अठ्ठेचाळीस मी माझ्या वहीत घातले. दोन मुद्दाम सोडले, संशय नको म्हणून. सरांनी मेमध्ये वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा त्यांना काय दिसले? तुमच्या एकशे पन्नासपैकी एकशे अठ्ठेचाळीस तारे माझ्या वहीत, तुमच्या आधीच्या तारखेला. आणि माझे वीस तुमच्याकडे नाहीत. ते म्हणाले, "बाई, वीस मुद्दाम सोडलेत का?" ताई, मुद्दाम सोडणारा मी होतो.

तुमच्या वहीवर शाईचे डाग होते, चहाचा एक गोल होता. माझी स्वच्छ होती. सर दोन्ही वह्यांकडे आळीपाळीने पाहत होते ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

सरांनी मला कच्च्या वहीचे विचारले आणि मी "नाही" म्हणालो, तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलेत. मला वाटले आता तुम्ही बोलाल. तुम्ही सरांना म्हणालात, "मी कुणाचं काही उतरवलेलं नाही. ह्यापेक्षा जास्त मला काही सांगायचं नाही." सर म्हणाले, "मग वह्या बोलतायत ते काय?" तुम्ही चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणालात, "वह्या तुम्ही वाचायच्या, सर." दुसऱ्या दिवशी राजीनामा दिलात.

तुम्ही का बोलला नाहीत? माझे नाव सांगायला नको होते, फक्त "त्याच्या डाव्या खणात बघा" एवढे म्हटले असतेत तरी पुरे होते. मी चार महिने हाच विचार करतो. तुम्ही मला बोलायची संधी दिलीत, आणि मी ती घेतली नाही, असे असेल का?

आता शेवटचे. वर्‍हांड्यात भिंतीवर एका ताऱ्याचा मोठा फोटो लावला आहे. प्लेट चौदा, तीनशे बारा रेषा. आपल्या सगळ्या प्लेटमधला सर्वांत मोठा. बाहेरचे लोक आले की सर तिथे थांबतात. खाली छापले आहे : प्रथम निरीक्षण, नं. सि. खरात. तो तळाशी होता, काचेपासून केसभर वर. मला तो कधीच दिसला नसता. तुमच्या वहीत त्याच्यापुढे तुम्ही "बाप रे" लिहून काट मारली होती. खोडलेले वाचता येत होते.

नंदकुमार


दिघा, ६ नोव्हेंबर १९८८

सरोजिनीताई,

तुमचे कार्ड काल मिळाले. पाच महिन्यांत पहिले. इतक्या वेळा वाचले की पाठ झाले : "तिन्ही पत्रे मिळाली. अक्षर फार सुंदर. ती मला कशाला पाठवतोस? कच्ची वही सरांना दे. बडीशेप संपली. स. ता."

अक्षर फार सुंदर, हे मला लागले. तुम्हाला लागावे म्हणूनच लिहिले असेल. तुम्ही ओळखलेत की ही पत्रेसुद्धा आधी कच्ची लिहिलेली आहेत.

मी वही दिलेली नाही. कारणे लिहितो, ती कारणे आहेत की सबबी हे तुम्ही ठरवा.

एक तारखेला मला कायम केल्याचा कागद आला. आईने चाळीत पेढे वाटले. शेजारच्या दुर्गाबाईंनी त्यांच्या पोराला माझ्यासमोर उभे केले आणि म्हणाल्या, "बघ, धावी नापास हाय तरी सायंटिस बनला. तू नुस्ता कॅरम खेळ." वडिलांनी तो कागद घडी घालून बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीमागे ठेवला. घरात महत्त्वाचे कागद तिथेच असतात. आता तो तिथून काढायचा म्हणजे त्यांच्यादेखत काढावा लागेल.

आईला शंका आलेली आहे. मला म्हणाली, "साहेब झालास, अन् भाकर मोडून नुसता बसतोस. काय झालंय रं?" मी म्हटले, डोळे दुखतात.

दुसरे, मी दोनदा सरांच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते, एकटेच होते. मी म्हणालो, "सर, लेन्स पुसायचे कागद संपत आलेत." ते म्हणाले, "मग मागव." मी परत आलो. वही शर्टाच्या आत होती, घामाने वरची दोन पाने चिकटली.

पण आता वेळ नाही. डिसेंबरच्या पाच तारखेला सगळ्या प्लेट दुसऱ्या गटाकडे जाणार आहेत. ऑगस्टमधल्या परिषदेत सरांनी सांगून टाकले आहे की आपल्या नऊ प्लेटमध्ये सुटलेला तारा जवळजवळ नाही. त्यावर पुढचे लोक हिशेब करणार. प्लेट गेल्या की माझी कच्ची वही नुसते सुतळीचे बाड आहे. कोण कशावरून पडताळणार? तुमच्या नावावरचा डाग मग कायमचा. हे मला समजते. रात्रंदिवस समजते. समजणे आणि दार ढकलणे यांत मी अडकलो आहे.

पाच तारखेच्या आत देईन. हे मी तुम्हाला लिहून देत आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

नंदकुमार


दिघा, १० डिसेंबर १९८८

ताई,

हे पत्र कच्चे आहे. लिहून होईल तसे पाकिटात घालणार आहे. काट मारलेली दिसेल तिथे वाचता आले तर वाचा.

एक तारखेला सकाळी गेलो. पोपटराव जिन्यात भेटले. "वरन झाला का रे?" मी म्हटले, "पोपटराव, आधी मला सरांकडे जाऊ द्या." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि बादली बाजूला घेतली. "जा बाबा. तुजा काय बिनसलाय ते सगल्या इमारतीला दिसतंय."

मी वही सरांच्या टेबलावर ठेवली. म्हणालो, ही माझी कच्ची वही. मेमध्ये मी नाही म्हणालो होतो. ती होती.

त्यांनी सुतळी सोडली. पाने उलटत गेले. मग उठून कपाटातून तुमची पक्की वही काढली. माझी पक्की वही मी पुढे केली, तिच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. पेन्सिल घेऊन कच्च्या वहीतला एक एक तारा तुमच्या वहीत शोधत राहिले. मी उभाच. बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. दोन तास गेले. खाली जेवणाचे डबे वाजले. शेवटी कागदावर लिहिले : १५०, १२०, १००. खाली एक रेघ. खाली १८०.

"दोघांनी मिळून एकशे सत्तर पाहिलेत. दहा कुणालाच दिसलेले नाहीत," ते म्हणाले. "हे दहा मला मेमध्ये माहीत असायला हवे होते."

मी म्हणालो, "हो सर."

"तुझे सुटलेले सगळे तळाचे आहेत. का?"

मी ओरखड्याचे सांगितले. त्यांना तो आठवत नव्हता. ताई, त्यांना आठवतच नव्हता. मी अकरा महिने ज्याला भीत होतो तो ओरखडा त्यांच्या लक्षातही नव्हता. ते म्हणाले, "अरे, प्लेटवर ओरखडे जातातच. वहीत नोंद करायची आणि पुढं जायचं."

मग त्यांनी तुमच्या वहीवर हात ठेवला. "सहा वर्षं माझ्याकडे काम केलं ह्या बाईंनी. आणि मी खाडाखोड बघून ठरवलं." नंतर मला विचारले, "काय लिहू त्यांना?" मी म्हटले, "सर, खरं लिहा. पण कच्चं लिहा." त्यांना ते समजले नसावे.

त्यांचे पत्र तुम्हाला या पत्राआधी मिळेल. परिषदेच्या लोकांनाही त्यांनी लिहिले आहे की आकडे बदलले आहेत, आणि का. माझे नाव घातले आहे. मी वाचून पाहिले, त्यात एकही शब्द चुकीचा नाही. वर्‍हांड्यातला फोटो पोपटरावांनी उतरवून परत लावला. आता खाली लिहिले आहे : प्रथम निरीक्षण, स. ताम्हणे. सर म्हणतात, तीनशे बारा रेषा असल्या तरी त्यावरून वरण झाले असे म्हणता येत नाही. खूप दाणे एकदम आपटले तरी एवढ्या रेषा निघू शकतात. अजून पुष्कळ वर्षे शोधावे लागेल. पण तो तुमचा आहे.

जागेचे विचारले. मी स्वतःच विचारले, तुम्ही रागावाल तरी. ते म्हणाले, ती जागा तुझ्या नावाने भरली गेली, आता तू गेलास की ती रद्द होईल. नवी कधी निघेल सांगता येत नाही. म्हणजे मी ती तुमच्याकडून घेतली आणि परत करता येईना. मी आधी बोललो असतो, ऑक्टोबरच्या आत, तर ती तुम्हाला मिळाली असती. हे वाक्य मी दोनदा काट मारून पुन्हा लिहिले आहे. तुम्ही देवरुखला शाळेत शिकवायला लागलात हे पोपटरावांनी आता सांगितले. त्यांना तुम्ही पत्र पाठवता. मला बरे वाटले.

घरी मी सांगितले. वडिलांनी चौकटीमागचा कागद स्वतः काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "ज्याचा हाय त्याला दे." आई रडली, मग भांडी घासायला लागली. दुर्गाबाई अजून सायंटिसच म्हणतात. संस्थेतली नोकरी सुटली, सोमवारपासून परत गंगाराम शेठच्या स्टुडिओत जातो आहे.

तुम्ही सरांच्या खोलीत का बोलला नाहीत, ते मी आता विचारत नाही. तुम्हाला वाटले असेल की मी दार उघडून येईन, दुसऱ्या दिवशी, नाहीतर आठवड्याने. मी सात महिने लावले.

चार तारखेला, प्लेट खोक्यांत भरायच्या आधी, सरांनी मला एक दिवस बसू दिले. मी मागितला होता. प्लेट चौदा घेतली. जयमाला शेजारी होती, तिने विचारले, "आता काय शोधताय?" मी म्हटले, तळ.

ताई, मी पट्टीपट्टीने गेलो. प्रत्येक जागी भिंग खाली, अगदी खाली, थर संपून काचेवरची धूळ दिसेपर्यंत. बोट थांबायचे, मी त्याला थांबू दिले नाही. तुमचा मोठा तारा आला. तो पाहून मीही मनात बाप रे म्हणालो. त्याच्या पुढे चार पट्ट्यांवर काचेला लागूनच एक तारा होता, लहानसा, नऊ रेषांचा. तुमच्या वहीत नाही. माझ्या कच्च्या वहीत नाही. त्या दहांतला एक. मोजताना चाक जरा जास्त फिरले आणि भिंग टेकले. बारीकसा आवाज झाला. जयमालाने वळून पाहिले.

मी पक्की वही उघडली आणि थेट शाईने लिहिले. पहिल्या ओळीत तारा, जागा, नऊ रेषा. दुसऱ्या ओळीत : प्लेट १४, ओरखडा, सुमारे दोन मिलिमीटर, करणारा नं. सि. खरात. तारीख त्याच दिवसाची. दोन मिलिमीटर लिहिताना आधी तीन लिहिले होते, त्यावर काट मारली.

प्लेट दुसऱ्या दिवशी गेल्या. नऊ राहिले आहेत, ताई. ते पाहायला आता तिथे मी नाही आणि तुम्हीही नाही.

नंदू